ग्रेपसीडची गोदामाई

आमच्या नाटकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी दोनच प्रकारचे मेसेज येतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात एक बाई कमी पडतेय, किंवा झाडीपट्टीतल्या अमुक कंपनीला हंगामासाठी नटी हवी. त्या दिवशी तिसराच मेसेज आला. ‘मराठी आरपी सर्व्हरच्या स्टोरी इव्हेंटसाठी म्हाताऱ्या बाईचा आवाज हवा. वऱ्हाडी अस्सल हवी. चेहरा दिसणार नाही.’ चेहरा दिसणार नाही म्हटल्यावर ग्रुपमधल्या बऱ्याच जणींचा रस तिथेच संपला. मला उलट तेच आवडलं. चाळिशी उलटलेल्या बाईला फक्त आवाजावर कोणी काम देत असेल, तर विचारून पाहायला काय जातं?

आरपी म्हणजे काय, हे विचारायला मानेवाड्याला बहिणीकडे गेले. भाचा इंजिनिअरिंगला आहे, गेमिंगचा कॉम्प्युटर त्याच्याचकडे. मेसेज वाचून तो एवढा हसला की बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘मावशी, हे जीटीए आहे. तू काय गाड्या चोरणार का बे?’ मावशीला ‘बे’ म्हणाला म्हणून बहिणीने त्याला झापलं आणि तो शिकवायला बसला.

मला समजलं ते असं. जीटीए ५ (ग्रँड थेफ्ट ऑटो) हा गेम २०१३ सालचा, कॉम्प्युटरवर २०१५ मध्ये आला. त्यात लॉस सँटोस नावाचं खोटं शहर आहे. फाइव्हएम नावाच्या जोडणीमुळे लोक त्या शहराची स्वतःची आवृत्ती चालवतात, त्याला सर्व्हर म्हणतात. (ही जोडणी बनवणाऱ्या टीमला २०२३ मध्ये खुद्द गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने आपल्यात घेतलं.) रोलप्लेच्या, म्हणजेच आरपीच्या, सर्व्हरवर तुम्ही एकच माणूस म्हणून जगता. कोणी पोलीस, कोणी डॉक्टर, कोणी मेकॅनिक, कोणी गुंड. समोरचा जवळ आला की त्याचा आवाज ऐकू येतो, लांब गेला की विरतो. रोजच्या भानगडी खेळाडूच करतात, पण अधूनमधून सगळ्या शहराला हलवणारं कथानक लागतं आणि त्यासाठी बाहेरून पात्र आणावं लागतं. ते पात्र कॉम्प्युटर चालवत नाही. जिवंत माणूस चालवतो.

दोन मिनिटांचा आवाज पाठवला, तो पसंत पडला. मग नियमावली आली, आणि ती वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की हे पोरखेळ नाही. मेटागेमिंग करायचं नाही, म्हणजे जे तुमच्या पात्राने पाहिलं-ऐकलं नाही ते तुम्हाला कुठून कळलं असलं तरी वापरायचं नाही. पॉवरगेमिंग करायचं नाही, म्हणजे समोरच्याला काही करायची संधी न देता त्याच्यावर गोष्ट लादायची नाही. कोणी पिस्तूल रोखलं तर घाबरायचं, कारण तुमचं पात्र घाबरेल. हे तिन्ही नियम मला आपल्याकडच्या काही नामवंत नटांना छापून द्यावेसे वाटतात. दुसरा तर फ्रेम करून.

मग डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मुलाखत. इव्हेंटप्रमुख वर्ध्याचा, दिवसा नोकरी, रात्री हे. मला ताई म्हणायचा. नाव-गाव झालं आणि एकदम आवाज बदलून म्हणाला, ‘ए म्हातारे, कागद दे, नाहीतर उडवतो.’ मी म्हटलं, ‘देतो ना बाबू. पन वाचता येते का तुले? मले नाही येत. वाचून सांग त काय हाय त्यात.’ तो क्षणभर गप्प. मग स्वतःच्या आवाजात म्हणाला, ‘ताई, तुम्ही पाहिजे.’ माझं उत्तर चटपटीत होतं म्हणून ही निवड झाली असं मला वाटत होतं. त्याने नंतर कारण सांगितलं ते वेगळं होतं: ‘तुम्ही मला पुढचं काम दिलंत.’

कथानक त्याने लिहिलं होतं. शहराच्या उत्तरेला ग्रेपसीड नावाचं शेतीचं गाव आहे, गेममधलं मूळचंच. तिथली गोदामाई सातबारा पदरात बांधून शहरात येते. शहरातल्या दोन टोळ्या ज्या गोदामांवरून भांडतायत, ती जमीन तिच्या नवऱ्याची. तिला पैसे नकोत, फेरफार हवा आहे. लुगड्याचा प्रश्न आला. मूळ गेममध्ये नऊवारी कुठली असणार! टीममधल्या एका मुलाने ती तयार केली, सुंदर केली, पण गाडीत बसलं की कासोटा सीटमधून आरपार बाहेर. मग ठरलं की माई गाडीत बसत नाही. तिला गाडी ‘लागते’. या एका अडचणीतून माईचा स्वभावच तयार झाला: सगळ्या शहरात पायी फिरणारी आणि बरोबरच्यांना पायी फिरवणारी.

संहिता मात्र मिळाली नाही. मिळालं एक पान. माईला काय हवंय, काय माहीत आहे, काय ती कधीच सांगणार नाही आणि कोणते तीन धागे रात्र संपेपर्यंत खेळाडूंच्या हाती पडले पाहिजेत. प्रत्येक धागा निदान तीन वाटांनी पोचला पाहिजे, कारण दोन वाटा खेळाडू बंद करणार हे गृहीत. संवाद एकही नाही. मी झाडीपट्टीत काही हंगाम काढले आहेत. वडशाकडे दिवाळीनंतर रात्रभर नाटक चालतं आणि समोरून टोमणा आला की उत्तर द्यावंच लागतं, त्यामुळे ऐनवेळी बोलायची भीती नव्हती. पण तिथे टोमणा मारणारा खाली बसलेला असतो. उठून रंगमंचावर येऊन माझं पाकीट मारत नाही.

तालमीत मोडाव्या लागल्या त्या सवयी शरीराच्या होत्या. आम्ही मागच्या रांगेपर्यंत आवाज फेकायला शिकलेलो. इथे आवाज किती लांब जाईल हे घसा ठरवत नाही, सेटिंग ठरवतं. कुजबुज, साधं बोलणं, ओरडणं असे तीन पल्ले. कुजबुजीवर ठेवून मी गळा काढला तरी चार पावलांपलीकडे कोणाला काही कळायचं नाही, आणि ओरडण्यावर ठेवून हळू बोलले की चौकभर ऐकू जायचं. शिवाय बोलताना एक बटण दाबून धरायचं. आमच्याकडे श्वाससुद्धा अभिनयात धरतात. इथे बटण सोडलं की श्वासच नाही. मी हळूहळू वाक्याच्या आधीचा अर्धा श्वास मुद्दाम बटण दाबून घ्यायला लागले, आणि भाचा म्हणाला, ‘आत्ता म्हातारी वाटतेस.’

चेहरा नाही, हात ठरावीक दहा-बारा हालचालींपुरते. बाकीचं सगळं लिहायचं. /me टाईप करून ‘पदराची गाठ सोडते, बोटं थरथरतात’ असं लिहिलं की ते डोक्यावर तरंगतं. /do ने परिस्थिती सांगायची: ‘कागद घडीवर फाटलेला दिसतो.’ सुरुवातीला मी यात कविता करायचे. इव्हेंटप्रमुखाने वाचून दाखवलं आणि विचारलं, ‘ताई, हे वाचून समोरच्याने काय करायचं?’ ‘तिच्या डोळ्यांत पिढ्यांचं दुःख आहे’ यावर कोणी काही करू शकत नाही. ‘कागद खाली पडतो’ यावर करू शकतो.

तालमीत टीममधलीच मुलं त्रासदायक खेळाडू होऊन यायची. एक सतत उड्या मारायचा, एक माझ्या वयाची चौकशी करायचा, एकाने माईला उचलून डिकीत टाकलं. कानात दोन आवाज: एकात गेम, दुसऱ्यात कंट्रोल. कंट्रोलवाले अदृश्य होऊन वर फिरत असतात आणि सांगत राहतात की डावीकडून पोलीस येतायत, हा मुलगा नवा आहे, याला जपून घ्या. थोडक्यात प्रॉम्प्टर, फक्त त्याला वाक्य माहीत नाही, लोक माहीत आहेत.

आणि नागपूरचा मे महिना. भाच्याच्या खोलीत कूलर चालू असला की माइकमध्ये धबधबा ऐकू यायचा. बंद केला तर आम्ही दोघं उकडून निघायचो. आवाज गाळणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, त्याने कूलरबरोबर माझे हुंदकेही गाळले. शेवटी कूलर बंद, ओला पंचा मानेवर, आणि बहीण दर थोड्या वेळाने पन्हं आणून ठेवणार, पेल्याचा आवाज न करता. ग्रेपसीडची सुगी मी पंचेचाळीस डिग्रीत केली.

इव्हेंट शनिवारी रात्री. माई लिजन स्क्वेअरच्या चौकात उभी राहिली आणि बराच वेळ कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. गाड्या जात होत्या. कंट्रोल म्हणालं, ओरडा. मी नाही ओरडले. माईला काय हवंय? वाचून दाखवणारा माणूस. म्हणून जो थांबेल त्याला एवढंच विचारत राहिले, ‘बाबू, वाचता येते का?’ एक टॅक्सीवाला थांबला. त्याने कागद वाचला, अर्थ लागला नाही, म्हणून वकिलाला फोन केला. वकील आला, त्याच्यामागे पोलीस. पोलीस पुण्याकडचा असावा. ‘आजी, तुम्ही काय म्हणताय ते नीट कळत नाहीये,’ म्हणाला, तर टॅक्सीवाला त्याला वऱ्हाडी समजावून सांगायला लागला. त्या क्षणी तो टॅक्सीवाला माईचा माणूस झाला. असं काही पानावर नव्हतं. तासाभरात आमची वरात निघाली, सगळे पायी, कारण माईला गाडी लागते. दोन्ही टोळ्यांची माणसं हळूहळू मागे गाडी चालवत येतायत आणि मी वाटेत प्रत्येकाला जेवलास का विचारतेय.

पानावर शेवट असा होता: गोळीबारात माईला गोळी लागते, ती मरताना तिसरा धागा देते, शहर पेटतं. गोळी लागली, ठरल्याप्रमाणे. मी /me लिहिलं, आवाज बारीक केला. पण डॉक्टर झालेली एक मुलगी आमच्या वरातीतच होती. तिने बॅग उघडली आणि /do विचारलं: ‘जखम किती खोल आहे?’ हा प्रश्न म्हणजे पेच. ‘प्राण गेला’ असं लिहिलं तर ती पॉवरगेमिंगच, आणि तीही आमच्याकडून. मी कंट्रोलमध्ये विचारलं, काय करू? तिथे दोघांचं भांडण चाललेलं. मग इव्हेंटप्रमुख म्हणाला, ‘मरू नका. खरं उत्तर द्या.’ मी लिहिलं, ‘गोळी खांद्यात आहे. रक्त खूप जातंय.’ टॅक्सीवाल्याने माईला गाडीत घातलं. गाडी लागते वगैरे कोणी काढलं नाही. कासोटा सीटमधून बाहेर आणि कोणी हसलं नाही.

नंतरच्या बैठकीत इव्हेंटप्रमुखाने १९९९ च्या ॲशरन्स कॉल या गेमची गोष्ट सांगितली. एका कथानकात खेळाडूंनी एक स्फटिक फोडायचा होता, आत कोंडलेला राक्षस सुटायचा होता. थिसलडाउन नावाच्या सर्व्हरवरच्या काही खेळाडूंनी तो फोडण्याऐवजी त्याच्याभोवती पहारा बसवला. शेवटी कंपनीचीच माणसं बलाढ्य पात्रं घेऊन मैदानात उतरली, तेव्हा तो फुटला. पुढे कंपनीने त्या राखणदारांचं स्मारक गेममध्ये उभारलं. इव्हेंटप्रमुखाचं म्हणणं, स्मारक बांधण्यापेक्षा आधीच ऐकलं असतं तर? मला इतकं सोपं वाटत नाही. पुढच्या महिन्याचं कथानक तयार असताना ते फेकून द्यायला छातीच लागते, आणि आमच्याकडे ती होती कारण पुढचं काही तयारच नव्हतं. उलट टोकाचा किस्सा १९९७ चा आहे, अल्टिमा ऑनलाइनच्या चाचणीतला: निर्माते रिचर्ड गॅरियट स्वतः लॉर्ड ब्रिटिश राजा बनून प्रजेसमोर आले आणि एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकून राजालाच मारलं. राजाला अमर करणारी खूण लावायची राहून गेली होती. लोकांना त्या रात्रीचं बाकी काही आठवत नाही, एवढंच आठवतं.

पैशाचं सांगितलं पाहिजे, कारण विचारणारे विचारतात. सुरुवातीला मानधनाचं नाव नव्हतं, ‘हौस म्हणून’ होतं. हौशी रंगभूमीवर निम्मं आयुष्य गेल्यामुळे हा शब्द मला ओळखता येतो. मी आधीच रक्कम ठरवून घेतली. मोठी नाही, पण यूपीआयने त्याच रात्री आली. या कामाचा इतिहासच तसा आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या मॅट्रिक्स ऑनलाइनने मुख्य पात्रं चालवायला पगारी टीम ठेवली होती. पुढे ती गेली, काम स्वयंसेवक खेळाडूंवर आलं, आणि २००९ च्या जुलैअखेर गेमच बंद झाला. अल्टिमा ऑनलाइनच्या काही स्वयंसेवकांनी तर वेतनासाठी कंपनीवर खटला भरला. तेव्हा कोणी तुम्हाला बोलावलं, तर आधी तीन गोष्टी विचारा: किती तास, किती पैसे, आणि कोणी घाणेरडं बोललं तर त्याला बाहेर काढायला कंट्रोलमध्ये कोण बसलंय. तिसरी गोष्ट बायकांनी पहिली विचारावी. माझ्या इव्हेंटमध्ये एकाने तोंड सोडलं होतं, आणि माईने शिवी हासडायच्या आत तो सर्व्हरवरून गेला होता.

दमणं वेगळंच असतं. नाटकात विंगेत जाता येतं, चहा पिता येतो. इथे चार तास माई म्हणून उभं राहायचं, कोणीतरी सतत पाहतंय. बाथरूमला जायचं झालं तर माई ‘जरा डोळा लागला’ म्हणून बाकावर आडवी होते आणि टॅक्सीवाला राखण बसतो. एकदा परत येऊन हेडफोन लावला तर तो कोणाला तरी दटावत होता, ‘हळू बोल बे, झोपली हाये ते.’

माई आता पिलबॉक्सच्या हॉस्पिटलमधून सुटली आहे. फेरफाराची तारीख लागलीय, तलाठी कोणी करायचा यावर वाद चालू आहे. मी आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचं नाव सुचवलंय. ते खरोखर तहसीलमधून निवृत्त झालेत, आणि मुलाखतीत त्यांनी इव्हेंटप्रमुखाला सांगितलं, ‘साहेब जेवायला गेलेत, उद्या या.’ त्यांना लगेच घेतलं.