शाल दाखवून आत सोडत नाहीत

मामांची 63 चित्रं मुंबईतल्या एका कॉलेजच्या संग्रहालयाला देऊन आलो, त्याला महिना झाला. समारंभाचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर तेव्हाच फिरले. त्या फोटोंत जे नाही, ते लिहितोय.

सांगलीहून महालक्ष्मीने निघालो आणि सकाळी दादरला उतरलो. रात्रभर मामांचा डोळ्याला डोळा लागला नाही. चित्रं आदल्या दिवशी टेंपोने पुढे गेली होती आणि टेंपोवाला फोन उचलत नव्हता. मामींनी मात्र टेंपो कराडला पोचायच्या आत रंगाऱ्याला बोलावून भिंती मोजून घेतल्या होत्या. चाळीस वर्षं त्या घरात खिळा नसलेली जागा म्हणजे फक्त छत.

मामा एसटीत ऑडिटला होते. विटा, जत, तासगाव, जिथे डेपो तिथे मुक्काम. संध्याकाळी लोक पत्ते कुटायचे, तेव्हा हे पडायला आलेले वाडे हिंडायचे. वाडा पाडताना सागवानाला गिऱ्हाईक असतं, देवघरातल्या तसबिरींना नसतं. रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका, पुण्याच्या चित्रशाळेचे छाप, असं कुठे दहा रुपयांना, कुठे नुसत्या चहावर मिळत गेलं. रविवर्म्याने छापखाना 1894 साली मुंबईत, गिरगावात काढला. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. म्हणून बऱ्याच चित्रांखाली बारीक अक्षरांत कार्ला-लोणावळा असं असतं. मामा पाहुण्यांना आधी ती ओळ वाचायला लावायचे, मग चित्र बघू द्यायचे. चहा त्यानंतर.

समारंभ व्हायचा तसा झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ. प्रमुख पाहुणे पंचवीस मिनिटं स्वतःच्या बालपणाबद्दल बोलले. चित्रं शेजारच्या खोलीत बबलरॅपमध्ये होती, तिकडे कोणी फिरकलं नाही. जेवण चांगलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. बासुंदी तर फारच.

खरी गंमत जेवणानंतर. क्युरेटर बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. हातमोजे घालून एकेक चित्र घेत होत्या, मागची फळी बघत होत्या, कसर कुठे लागली आहे ते लिहून घेत होत्या. मग त्यांनी मामांच्या हातात भिंग दिलं. म्हणाल्या, "काका, लक्ष्मीच्या गालावर धरा." मामांनी धरलं, मग मीही धरलं. गाल म्हणजे नुसते ठिपके! गुलाबी, पिवळे, मातकट, कुठे दाट, कुठे विरळ, हाताने टाकलेले असावेत तसे वेडेवाकडे. बाई म्हणाल्या, हा दगडावरचा छाप. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, कागद तेवढ्या वेळा दाबाखालून काढायचा आणि दर वेळी जागेवर बसला पाहिजे. मग त्यांनी दुसरी लक्ष्मी पुढे ठेवली. भिंगाखाली तिचे ठिपके प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे एका रांगेत. "ही ऑफसेट आहे काका, दगडावरची नव्हे, बरीच नंतरची."

अशी चार निघाली. मामांचा चेहरा पडला. त्यांतल्या एकीला त्यांनी जतमध्ये अख्खा पगार घातला होता, हे मामींना अजून माहीत नाही. (मामी ब्लॉग वाचत नाहीत.) बाईंनी चारही ठेवून घेतली. मुलांना फरक शिकवायला उपयोगी पडतील म्हणाल्या.

मग बक्षीसपत्र आलं. मामांना त्यात एक ओळ हवी होती, सगळी चित्रं कायम भिंतीवर राहतील अशी. बाई म्हणाल्या, अट घालून देणगी घेता येत नाही. शिवाय कागदावर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नको, तोही कायम नको. आठ-आठ चित्रं तीन-तीन महिने लावू, मग ती ड्रॉवरमध्ये विश्रांतीला.

"विश्रांतीला? बाळंतीण आहेत काय?" मामा.

पण सही केली. जरतारी लक्ष्मी तेवढी सहीनंतरही पाच मिनिटं मांडीवर धरून बसले. तिच्या पदराला खरी जर, मुकुटाला टिकल्या, गळ्यात बारीक मोती शिवलेले. तासगावच्या कोणा सासुरवाशिणीने दुपारच्या वेळी बसून केलेलं काम. पूर्वी घरोघरी बायका छापील चित्रं अशी सजवून मग काचेत घालायच्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्युझियममध्ये नेलं. मी अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतो, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणायचं लक्षात राहत नाही. चूक माझी. शनिवारची गर्दी, शाळेच्या सहली, घामाचा वास. मामा कुठल्याच वस्तूपुढे थांबेनात. वाकायचे, खालच्या पाटीची शेवटची ओळ वाचायचे आणि पुढे. 'सर रतन टाटा संग्रह.' 'सर दोराबजी टाटा संग्रह.' रतन टाटा वारले 1918 साली, दोराबजी 1932 साली, आणि दोघा भावांनी जमवलेलं सगळं इथे आलं. (हे रतन टाटा आधीचे, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव.) जेडच्या वाट्या, जपानी तलवारीच्या मुठी, युरोपातली तैलचित्रं, मामांनी त्यांतलं काही पाहिलं असेल असं वाटत नाही. दीड तास नुसती नावं वाचली. बाहेर पडताना म्हणाले, "माझं नाव चित्राखाली येणार का वहीत?"

मी म्हटलं, "चला, विचारूनच येऊ." तिथेच चुकलं.

कॉलेजच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने हात आडवा घातला. "आयकार्ड?"

"संग्रहालयात जायचंय. काल आम्हीच चित्रं दिली."

"अपॉइंटमेंट आहे काय? ईमेल दाखवा."

मी बाईंना फोन लावला, तो बंद. शनिवार दुपार, ऑफिसही बंद. मी जरा आवाज चढवला, त्याची आता लाज वाटते. त्या माणसाच्या हातात काहीच नव्हतं. मामा मात्र शांत. आम्हाला तिथूनच रात्रीची गाडी गाठायची होती, त्यामुळे सामान बरोबर होतं. त्यांनी बॅग खाली ठेवली, चेन उघडली, अंघोळीचा टॉवेल बाजूला सारला आणि शाल काढली. कॉलेजच्या नावाचं कागदी लेबल अजून पिशवीला होतं.

"ही बघा. काल दिली. इथंच. स्टेजवर."

गार्डने शाल हातात घेतली, उलटीसुलटी केली, घडी मोडू न देता परत दिली. "काका, शाली इथून लय जातात. परवाच्या कार्यक्रमात तीस वाटल्या. शालीवर आत सोडत नाय."

मला हसू आलं आणि घशात काहीतरी अडकलंही. ज्या लक्ष्मीला हा माणूस चाळीस वर्षं रोज सकाळी फडक्याने पुसत आला, ती आता शंभर पावलांवर कुलपात होती.

गार्डलाही बरं वाटत नसावं. त्याने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची मामांना दिली, बाटली पुढे केली. "एवढी कसली चित्रं होती?"

मामांनी सांगितलं. कमळात उभी लक्ष्मी, चार हात, मागे पाण्यात सोंडेत हार घेतलेला हत्ती.

"ती होय? ती आमच्याकडं पण हाय. गावाला, माळ्यावर. आजीच्या लग्नातली. साडीला टिकल्या लावल्यात."

मामा खुर्चीत पुढे सरकले. "जर आहे का पदराला?"

"असंल. चमकतं कायतरी."

"काच फुटलीय?"

"एका कोपऱ्याला."

"खाली बारीक अक्षरात काय छापलंय, बघितलंय कधी? गाव कुठलं तुमचं?"

"संगमेश्वरजवळ."

माझ्याकडे न बघता मामांनी हात पसरला. मी पेन दिलं. त्यांनी खिशातून बक्षीसपत्राची झेरॉक्स काढली, पालथी घातली, गुडघ्यावर ठेवली.

"हं, सांगा नंबर."