शांता आपटेंची तबकडी आणि पाऊण पट्टी

गायिका-अभिनेत्री शांता आपटे यांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या डिजिटल करायला आल्या की काम बहुतेक ठरल्या वाटेने जातं. धुवायचं, सुई निवडायची, उतरवून घ्यायचं, खरखर काढायची. ‘कुंकू’ या १९३७च्या चित्रपटातल्या एका गाण्याची तबकडी आली त्या दिवशी मात्र सगळा वेळ एकाच प्रश्नाने खाल्ला: ही तबकडी मुळात किती वेगाने फिरायला हवी?

ती आणली होती नारायण पेठेतल्या एका गायनशिक्षिका बाईंनी. बरोबर त्यांची विद्यार्थिनी होती. तिला हे गाणं कार्यक्रमात शांताबाईंच्याच पट्टीत, म्हणजे सुराच्या त्याच उंचीवर, गायचं होतं, म्हणून मूळ तबकडीवरून षड्ज, म्हणजे ‘सा’, पक्का करून हवा होता.

तबकडी लाखेची, १० इंची, जुन्या बाजारात मिळतात तशी धुळीने भरलेली, वर पांढरट बुरशी. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये, लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य द्रव साबणाचे दोन-चार थेंब, आणि मऊ ब्रश गोलाकार, खाचेच्या दिशेनेच फिरवायचा. मधला कागद कोरडा ठेवायचा. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुऊन तबकडी उभी वाळवायची.

एलपीची सुई इथे चालत नाही. तिच्या टोकाची त्रिज्या ०.०१८ मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे ती रुंद खाचेच्या तळाशी घासत राहते आणि नुसता कचरा वाजवते. ७८च्या तबकडीला साधारण ०.०७६ मिलिमीटरची सुई लागते. पण ही तबकडी भरपूर वाजलेली होती. जुन्या ग्रामोफोनचं डोकं शंभर ग्रॅमहून जास्त भाराने पोलादी सुई दाबायचं, आणि खाचेच्या भिंती ठरावीक उंचीवर झिजायच्या. अशा वेळी थोडी लहान, ०.०६४ची सुई घेतली की ती झिजलेल्या पट्ट्याच्या खाली बसते, थोडी मोठी, ०.०८९ची घेतली की वर बसते. दोन्ही लावून पाहिल्या. लहान सुईवर तार सप्तकातली चिरफाड बरीच कमी झाली. भार ४ ग्रॅम. खाच मोनो असली तरी काट्रिज (सुई धरणारा भाग) स्टिरिओ वापरते मी. दोन्ही भिंती वेगळ्या उतरतात, आणि एक बाजू जास्त झिजली असेल तर दुसरी हाताशी राहते. दोन्ही चांगल्या असल्या तर एकत्र केल्यावर सुईच्या उभ्या हालचालीतला गोंगाट आपोआप वजा होतो. आजच्या फोनो प्रीॲम्पची, म्हणजे सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राची, वक्ररेषा (कुठले स्वर किती वाढवायचे-दाबायचे याचं प्रमाण) १९५०च्या दशकात रूढ झाली, ती १९३७च्या ध्वनिमुद्रणाला लावली की वरचे स्वर दबून जातात. इथे २५० हर्ट्झखाली खर्ज भरून दिला आणि वरच्या भागाला हात लावला नाही. उतरवलं ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला.

गाणं ऐकून बाई लगेच म्हणाल्या, “अहो, हे उतरलंय. शांताबाईंचा आवाज असा जड नव्हता. सिनेमात त्या जवळजवळ एक पट्टी वर गातात.”

त्यांनी मोबाइलवर चित्रपटाच्या जुन्या व्हिडिओ प्रतीतलं तेच गाणं लावलं. मुलीने तंबोऱ्याचं ॲप जुळवलं. बाईंचा कान अचूक होता: व्हिडिओतला षड्ज तबकडीपेक्षा सुमारे ७० सेंट वर (एका पट्टीचे शंभर सेंट), म्हणजे पाऊण पट्टीला थोडा कमी. “मग वेग वाढवा ना ताई,” मुलगी म्हणाली. वाढवता आला असता. ८१ फेऱ्यांच्या थोडं वर नेलं की दोन्ही षड्ज जुळतात. पण जुळवता येतं एवढ्याने तो वेग खरा ठरत नाही.

आधी आमचं टर्नटेबल तपासलं. ५० हर्ट्झच्या विजेवरच्या दिव्याखाली ७७ रेघांची स्ट्रोबोस्कोप चकती फिरताना स्थिर दिसली की वेग ७७.९२ फेरे. (६० हर्ट्झच्या देशांत ९२ रेघा आणि ७८.२६ फेरे. हा फरक ८ सेंटही नाही.) एलईडी दिव्याखाली ही चकती नीट दिसेलच असं नाही, निऑनचा छोटा दिवा घ्यावा. विजेची वारंवारता थोडी हलली तरी ५० ऐवजी ४९.९ म्हणजे साडेतीन सेंट. सत्तर सेंटांचा हिशोब तिथे लागत नव्हता.

मग तबकडी स्वतः. १९२५च्या आधी, भोंग्यात गाऊन घेतलेल्या ध्वनिमुद्रणांचा वेग वाटेल तसा असतो, तिथे संशय रास्त. विजेवरच्या ध्वनिमुद्रणात तो बहुतेक ७८च्या जवळ राहतो, पण खात्री करावीच. साथीला हार्मोनियम असेल तर तिच्या सुरांना सुरुवातीला आणि शेवटी मोजावं. गवई चढू-उतरू शकतो, पेटीची पत्ती तीन मिनिटांत हलत नाही. इथे दोन्ही टोकं जुळली, म्हणजे कापताना यंत्र मध्येच मंदावलेलं नव्हतं. मात्र पेटी वेगाचा आकडा सांगत नाही. त्या काळच्या सगळ्या पेट्या एकाच मूळ स्वराला लावलेल्या नसत, म्हणून आजच्या पट्टीशी जुळवून वेग ठरवणं कच्चं काम आहे.

शिवाय त्या काळी गाणं तबकडीसाठी पुन्हा वेगळं गाऊन घेण्याची पद्धत सर्रास होती. १० इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपासच मावतं. त्यामुळे चित्रपट आणि तबकडीची पट्टी खरोखरच वेगळी असणं शक्य होतं.

राहिली व्हिडिओ प्रत, आणि माझा संशय सुरुवातीपासून तिच्यावरच होता. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडचं दूरदर्शन आणि त्या पद्धतीचा व्हिडिओ २५ चौकटींचा. फिल्म व्हिडिओवर घेताना सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ती सरळ २५च्या वेगाने पळवणे. डोळ्याला काहीच कळत नाही. पण ध्वनिपट्टी त्याच फिल्मवर असते, तीही ४.१७ टक्के जोरात पळते, आणि सूर ७०.७ सेंट चढतो. तीन मिनिटांचं गाणं २ मिनिटं ५३ सेकंदांत संपतं. ७८ला २५ने गुणून २४ने भागलं की ८१.२५ फेरे येतात, बरोबर तोच वेग जो वाढवा म्हणून सुचवला जात होता.

हे नुसत्या आकड्यांवर सोडण्यासारखं नव्हतं. फाइलमधला माणूस चालत जातानाचा तुकडा काढला आणि एकेक चौकट पुढे सरकवली. फिल्मचा वेग राखला असता तर दर सेकंदाला एखादी चौकट दोनदा आली असती किंवा दोन चौकटी एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या असत्या. तसं कुठेच नव्हतं. २५ चौकटी, सगळ्या वेगळ्या. फिल्म पळवलेली होती.

आवाज २४/२५ने मंद केला. इथे एक खबरदारी: संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये सूर तसाच ठेवून लांबी बदलणारा पर्याय आधीच चालू असतो. तो बंद करून लय आणि सूर दोन्ही एकदम उतरवायचे. मग व्हिडिओ आणि तबकडी यांच्यात पाच सेंटांचाही फरक उरला नाही. बाईंना आधी गाणं न लावता त्याच्या आसपासचे संवाद ऐकवले. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही, फक्त प्रसंगातले आवाज, त्यामुळे बोलणं स्वच्छ ऐकू येतं. केशवराव दात्यांनी रंगवलेला वयस्कर काकासाहेब ऐकल्यावर बाई थोडा वेळ गप्प होत्या. “हा माणूस आता वयाचा वाटतो,” त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच गाणं लावायला सांगितलं.

मला हे फार मोलाचं वाटतं. या नायिकेचा आवाज आपण पिढ्यान्‌पिढ्या पाऊण पट्टी चढवून, घाईत ऐकला आणि तोच तिचा म्हणून मनात धरला. मुळातला आवाज भरीव आहे, मुरकीनंतर टेकायला तिला जागा आहे, आणि संगीतकार केशवराव भोळ्यांनी बांधलेल्या लयीत शब्द सुटे पडतात. खरखर काढतानाही म्हणूनच मी थांबते. क्लिक हाताने काढते, सततचा सूंऽऽ थोडाच कमी करते. तो पूर्ण घालवायला गेलं की ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात. तबकडीच्या शेवटी तर खाचेचा वेग सुरुवातीच्या निम्म्याहून कमी झालेला असतो आणि वरचा भाग आधीच क्षीण असतो.

मुलीने तंबोरा तबकडीच्या षड्जाला लावून घेतला. फाइली दोन दिल्या, एक जशीच्या तशी, एक साफ केलेली, आणि सोबत सुईचं माप, वेग, वक्ररेषा लिहिलेला कागद.

बाईंच्या वहीत ‘अमृतमंथन’, ‘अमरज्योती’, ‘गोपाळकृष्ण’मधल्या गाण्यांच्याही पट्ट्या व्हिडिओवरून टिपलेल्या होत्या. त्या सरसकट पाऊण पट्टी उतरवू नका, असं त्यांना सांगितलं. अलीकडे फिल्म चौकट-चौकट स्कॅन करून २४च्याच वेगाने दिलेल्या प्रतींत हा चढ नसतो. प्रत्येक प्रत आधी चौकटी मोजून तपासायची, मगच पट्टी बदलायची. चालणाऱ्या माणसाचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा त्याला पुरतो.