लाल खान, उस्मान आणि शेक्सपिअर

आमचं काम सांगायला सोपं आहे. परदेशातल्या संग्रहांकडून जुन्या फोटोंचे स्कॅन येतात, सोबत माहितीची एक एक्सेल फाईल येते आणि हडपसरच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर बसून आम्ही प्रत्येक फोटोला टॅग लावतो. फोटोत कोण आहे, कुठे आहे, काय चाललंय. शिफ्टला १२० फोटोंचं टार्गेट. लग्नं, रेल्वे स्टेशनं, कापडगिरण्या असं काय काय डोळ्यांखालून जातं, आणि घरी जाताना त्यातलं एकही आठवत नाही.

त्या मंगळवारचा लॉट अंटार्क्टिकाचा निघाला. १९१० ते १९१६ या काळातला, स्कॉट आणि शॅकल्टन या ब्रिटिश मोहीमवीरांच्या तिथल्या दोन मोहिमांचा. दाढीला बर्फ चिकटलेली माणसं, स्लेज, आणि कुत्री. जिकडेतिकडे कुत्री.

अकराच्या सुमाराला पलीकडच्या टेबलावरचा सोलापूरचा मुलगा खुर्चीसकट माझ्याकडे सरकला. "ताई, हे बघा की! स्कॉटसोबत आपली माणसं होती म्हणं!"

त्याने व्यक्तींच्या रकान्यात नावं भरून टाकली होती: लाल खान, खान साहिब, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी. "तीन बायका पण हायत," तो म्हणाला. मला काही पटेना. फोटो उघडलास का, विचारलं. नव्हता उघडला. सर्व्हर सकाळपासून रडत होता, म्हणून पठ्ठ्या नुसत्या एक्सेलवरून कॉपी-पेस्ट करत सुटला होता. मी फोटो उघडला. तो वरून खाली हळूहळू उलगडत आला. आधी दोन लांब कान दिसले, मग डोळ्यांवर चढवलेला गॉगल, मग तोबऱ्यात घालायचं तोंड.

खेचर.

सातही खेचरंच. १९१२ मध्ये हिंदुस्थान सरकारने स्कॉटच्या मोहिमेला दिलेली, सिमल्याकडे तयार केलेली. खेचरं मागवा ही सूचना कॅप्टन ओट्सची. हा माणूस आपल्या महूच्या छावणीतून थेट दक्षिण ध्रुवाच्या वाटेला लागला होता. खेचरं पोचली तेव्हा ओट्स आणि स्कॉट ध्रुवावरून परतीच्या वाटेवर होते, आणि ते परतलेच नाहीत. शेवटी त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर जी शोधतुकडी निघाली, तिचं सामान या सात जणांनी ओढलं. १२ नोव्हेंबरला स्कॉटचा तंबू सापडला, आत त्याचा मृतदेह.

सोलापूरकर थोडा ओशाळला. मग म्हणाला, "म्हंजे आपलीच की. फक्त माणसं नव्हं."

त्याची नावं मी प्राण्यांच्या रकान्यात हलवायला गेले, तर तसा रकानाच नाही! 'व्यक्ती' आहे, 'ठिकाण' आहे, 'वस्तू' आहे. प्राणी आला की नुसतं 'कुत्रा' किंवा 'खेचर' असं जातिवाचक लिहायचं, नावाची भानगड नाही. आणि फाईलमध्ये तर नावांचा पाऊस. त्यामुळे आमच्या सॉफ्टवेअरची त्रेधा उडाली होती. मोहिमेचा फोटोग्राफर हर्बर्ट पाँटिंग याने १९११ मध्ये काढलेला एक गाजलेला फोटो आहे. ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर बसलेलं कुत्रं, म्हणजे आपल्या 'कुत्राछाप' रेकॉर्डवरचंच चित्र, फक्त बर्फातलं. त्या कुत्र्याचं नाव क्रिस. सॉफ्टवेअरने व्यक्तीमध्ये 'क्रिस' टाकून पुढे प्रश्नचिन्ह दिलं: आडनाव?

पण कडी केली ती पुढच्या फोटोंनी. शॅकल्टनच्या 'एंड्युरन्स' जहाजावरचा फोटोग्राफर फ्रँक हर्ली याच्या स्लेजचा म्होरक्या कुत्रा म्हणजे शेक्सपिअर. सिस्टीमने तो थेट विल्यम शेक्सपिअर, नाटककार, जन्म १५६४, यालाच जोडला. मी ते वाचलं आणि एवढ्या मोठ्याने हसले की दोन ओळी पलीकडून माना वर झाल्या.

दुपारी उस्मान आला. सोलापूरकराने या वेळी शहाणपणाने आधी विचारलं, "ताई, हा तरी माणूस?" नाही रे बाबा. उस्मान सायबेरियाहून आणलेल्या कुत्र्यांपैकी, म्होरक्या. फेब्रुवारी १९११ मध्ये त्याच्या मागची सगळी कुत्री बर्फाच्या भेगेत कोसळली आणि पट्ट्यांना लोंबकळत राहिली. हा एकटा काठावर पाय रोवून उभा राहिला. दोन कुत्री पट्ट्यातून निसटून खाली बर्फावर पडली, त्यांना आणायला स्कॉट स्वतः दोराने उतरला. एवढं करणाऱ्या कुत्र्याच्या फोटोला आमच्याकडे टॅग काय? 'कुत्रा, हिवाळा, बसलेला'.

मी टीम लीड मॅडमकडे गेले. म्हटलं, नावं द्यायला जागा हवी. मॅडम वाईट नाहीत, त्यांच्या घरी दोन मांजरी आहेत. पण त्यांनी आधी माझा आकडा बघितला. ३४. "क्लायंटने मागितलंय का?" नव्हतं मागितलं. "मग शेऱ्यात टाक, आणि चल पटपट."

शेऱ्यात तर शेऱ्यात. पटपट मात्र जमेना, कारण चार वाजता टॉम क्रीनचा फोटो आला. तो तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. एंड्युरन्सवरचा हा रांगडा आयरिश खलाशी दोन्ही हातांत चार पिल्लं कवळून उभा आहे. हर्लीनेच काढलेला. सॉफ्टवेअरने आपण होऊन टॅग सुचवले होते: पाळीव प्राणी, गोंडस, मैत्री, आनंद, सुट्टी. 'सुट्टी' मी लगेच उडवली. 'गोंडस'वर बोट अडलं.

माहिती शोधत बसायचं नसतं, पण मी बसले. जहाज बर्फात चिरडलं जाऊ लागल्यावर ऑक्टोबर १९१५ मध्ये माणसं बर्फावर उतरली. तेव्हा सगळ्यांत लहान पिल्लांना आणि सुताराच्या मांजराला गोळ्या घातल्या. (मांजराचं नाव मिसेस चिपी आणि तो बोका! या लोकांची नावं ठेवण्याची तऱ्हाच न्यारी.) उरलेली कुत्रीही पुढे अन्न संपत आलं तशी गेली. ९ एप्रिल १९१६ रोजी बोटी पाण्यात लोटल्या, तेव्हा त्यांतलं एकही उरलं नव्हतं. माणसं अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वाचली.

फोटोही असेच निवडून वाचलेले. हर्लीने बुडत्या जहाजातल्या बर्फाच्या पाण्यात उतरून काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. पण ओझं किती न्यायचं? तो आणि शॅकल्टन एकेक काच उजेडात धरत बसले. सुमारे १२० ठेवल्या, ४०० च्या आसपास तिथेच फोडल्या. पुन्हा मोह नको म्हणून फोडल्या. त्या ढिगात कुणाकुणाचे चेहरे गेले असतील, याचा विचार करत मी चहा थंड केला.

'गोंडस' ठेवलं. पिल्लं गोंडसच होती, आणि फोटो काढला त्या दिवशी पुढचं कुणाला ठाऊक नव्हतं. 'आनंद' काढावा की नाही यावर पाच मिनिटं गेली. क्रीनचा चेहरा झूम करून पाहिला आणि तोही ठेवला.

मग नियम मोडून व्यक्तींच्या रकान्यात क्रीनच्या खाली चारही पिल्लांची नावं घातली: रॉजर, टोबी, नेल्सन, नेल. शेऱ्यात नाही. शेरे कुणी शोधत नाही.

दिवसाचा आकडा ५८ झाला. मॅडमनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता पर्स उचलली.

बुधवारी सकाळी तपासणीवाल्यांकडून क्रीनचा फोटो लाल खुणेसकट परत आला. मी नावं काढायच्या तयारीनेच उघडला. पण नावं तशीच होती. आमचा एक नियम आहे, फोटोत एकाहून जास्त व्यक्ती असतील तर क्रम लिहावा लागतो. खाली एवढंच विचारलं होतं:

"डावीकडून उजवीकडे कोण कोण?"