कुजबुज ऐकू येईना, हाक कानावर आदळे

कथावाचनाचं एक रेकॉर्डिंग मला हातावेगळं करायचं होतं. वाचणारीने जीव ओतून वाचलं होतं. मीटरवर शून्य म्हणजे आवाजाची कमाल; कुजबुज उणे ३० डेसिबलच्या आसपास आणि हाक मारली की मीटर उणे ३ वर. आवाज वाढवावा तर हाक कानात घुसते, कमी करावा तर कुजबुज गायब.

मी थेट कॉम्प्रेसर लावला, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन. थ्रेशोल्ड (ज्याच्या वरचा आवाज दाबायचा ती पातळी) उणे ३५, रेशो (किती दाबायचा ते प्रमाण) ८:१, वर भरपूर मेकअप गेन, म्हणजे दाबल्यावर सगळाच आवाज वर उचलणं. ऐकून खूश झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं तर श्वास शब्दाइतकाच मोठा, मागे पंख्याची घरघर, आणि लांब गेलेल्या माणसाला बोलावणाऱ्या त्या हाकेतली आर्तताच गेलेली.

फसवलं होतं मेकअप गेनने. जरा मोठं वाजलं की कानाला ते चांगलंच वाटतं. तेव्हापासून बायपास चालू-बंद करताना, म्हणजे कॉम्प्रेसरसह आणि त्याच्याशिवाय ऐकताना, दोन्हीकडे आवाज सारखा भरेल इतकाच गेन देतो, आणि मगच काय ते ठरवतो.

नव्याने बसलो. आधी नुसत्या व्हॉल्यूम ऑटोमेशनने, म्हणजे जागोजागी आवाजाची पातळी हाताने आखून, हाका ६ डेसिबल खाली आणि कुजबुज तेवढीच वर घेतली. काम वेळखाऊ आहे, पण वाचणारीला कुठे काय म्हणायचंय ते इथेच उमगत जातं. मग पुन्हा कॉम्प्रेसर: रेशो ३:१, म्हणजे थ्रेशोल्डच्या ६ डेसिबल वर गेलेला आवाज २ डेसिबलच वर राहतो. थ्रेशोल्ड असा, की ठसक्याच्या शब्दांवरच गेन रिडक्शन (आवाज किती दाबला गेला ते) ३-४ डेसिबल दिसावं.

सगळ्यात जास्त वेळ घेतला अटॅकने, म्हणजे कॉम्प्रेसर किती लवकर दाबू लागतो ते ठरवण्याने. १ मिलिसेकंदावर 'क', 'ट', 'प' बोथट झाले, जणू तोंडासमोर रुमाल धरलाय. ५० वर शब्दाचं पहिलं अक्षर टोचू लागलं. २० वर व्यंजनांना धार आली आणि टोचणंही थांबलं. रिलीज, म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ, ४० ला ठेवला की वाक्य संपताच श्वास उसळून वर येई. ८०० ला हाकेनंतरचं हळुवार वाक्य दबलेलंच राही. डोळे मिटून ऐकत ऐकत १५० वर थांबलो. हे आकडे या आवाजाचे, या वाचनाच्या गतीचे; दुसऱ्या आवाजाला पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं.

शेवटी लिमिटर, म्हणजे ठरल्या पातळीच्या वर आवाज जाऊच न देणारं साधन, उणे १ वर, केवळ राखणीला. आता कुजबुजीला कान द्यावा लागतो, पण एकही शब्द निसटत नाही. आणि हाक आली की अजूनही दचकायला होतं.