तणनाशकाचा पंप वेगळाच हवा

आज सकाळची फवारणी उरकली, पंप धुऊन उलटा ठेवला आणि हे लिहायला बसलो. कुंड्यांना 2 लिटरचा, हाताने हवा भरायचा पंप पुरतो. परसबाग मोठी असेल तरच 16 लिटरचा पाठीवरचा घ्या. हवेच्या पंपाची टाकी काठोकाठ भरू नका, दाब धरत नाही. झाकण उघडण्याआधी दाब सोडा.

कीटकनाशकाला पोकळ शंकूसारखा फवारा देणारं नोझल, तणनाशकाला पंख्यासारखं सपाट. आणि तणनाशकाचा पंप कायम वेगळा. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश नळीत, वॉशरमध्ये राहतो. तोच पंप टोमॅटोवर किंवा कपाशीवर चालवला की पानं आकसून वेडीवाकडी होतात. नुसतं पाण्याने खंगाळून तो जात नाही.

नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, हात जोडून सांगतो! जुना टूथब्रश वापरा. तार घातली की भोक मोठं होतं आणि औषध जास्त पडतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या हव्यातच. वारा सुटला की थांबा. रिकामी बाटली तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोकं पाडा.