मूळची म्हणजे कधीची?

"मूळची म्हणजे? कुठल्या दिवसाची?"

इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स या जुन्या रेसट्रॅकवरच्या म्युझियममधल्या आजोबांनी टोपी सारखी करत मलाच उलट विचारलं. मी एवढंच म्हटलं होतं, की ती 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली रेसगाडी खरंच मूळची का हो?

ही 'स्पीड सिक्स' मॉडेलची गाडी १९२९ आणि १९३०, लागोपाठ दोन वर्षं ल मां ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा चालवायला वूल्फ बार्नाटो होता, बेंटलीचा चेअरमन. (शेठ स्वतःच गाडी पळवतोय!) पुढे तिच्यात आठ लिटरचं इंजिन आलं आणि १९३२ मध्ये, आम्ही उभे होतो त्याच तिरप्या ट्रॅकच्या वरच्या कडेवरून ती शर्यतीत पलीकडे गेली. चालवणारा क्लाइव्ह डन्फी जागीच गेला. काँक्रीटच्या भेगांत आता शेवाळ आहे.

गाडी पुन्हा उभी राहिली, नव्या बॉडीसह. १९९० मध्ये एक कोटी पौंडांना सौदा ठरला आणि घेणारा अडला: ही ती गाडीच नव्हे! प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं. १९२९ चं लोखंड तिच्यात जवळपास उरलं नव्हतं. तरी जज म्हणाले, इतिहास कुठे तुटलेला नाही, तेव्हा हीच ती.

परतताना ट्रेनमध्ये डोक्यात आमचं गावचं घर. कौलं जाऊन पत्रे आले, मातीच्या भिंती जाऊन चिरा आला. आजोबांचं घर म्हणतो अजून.

काका आता जोतंही नवं घालतोय. मग?