पावसाच्या पाण्यावर चढलेलं जहाज

"कालवा म्हणजे पाटच ना गं? मग समुद्रातून समुद्रात जायला वर कशाला चढायचं?"

पहाटे पाच वाजता डेकवर शाल लपेटून उभ्या असलेल्या आईने हे विचारलं. समोर अंधारात, अटलांटिककडच्या कोलोन बंदराच्या बाहेर नांगर टाकून पाळीची वाट बघणाऱ्या जहाजांचे दिवे लुकलुकत होते. अटलांटिककडून पॅसिफिककडे, सुमारे ८० किलोमीटरचा पनामा कालवा आम्ही दिवसभरात पार करणार होतो. कालव्याचे पायलट आमच्या जहाजावर चढले होते. इतर बंदरांत पायलट कप्तानाला वाट दाखवतो. इथे मात्र जहाजाचा ताबाच त्याच्याकडे जातो.

आईचा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच प्रश्नावर हजारो माणसं मेली. सुएझ खणणारे फर्डिनांड द लेसेप्स यांनाही पाटच हवा होता, एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात सरळ, सपाट. वाळवंटात ते जमलं. पनामात १८८१मध्ये फ्रेंचांनी काम सुरू केलं, तेव्हा वाटेत डोंगर होते, पिवळा ताप आणि मलेरिया होता, आणि चाग्रेस नदी होती. पावसाळ्यात ही नदी बघता बघता फुगायची आणि खणलेलं सगळं गाळाने भरून टाकायची. १८८९मध्ये कंपनी बुडाली. तोवर वीस हजारांहून जास्त माणसं गेली होती, असा अंदाज आहे.

१९०४मध्ये अमेरिकनांनी काम हाती घेतलं. डॉ. विल्यम गॉर्गस यांनी डासांच्या मागे लागून पिवळा ताप हटवला. इंजिनिअर जॉन स्टीव्हन्स यांनी लॉकच्या, म्हणजे दरवाजे असलेल्या हौदांत पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणाऱ्या कालव्याचा आग्रह धरला. नदीशी भांडायचं नाही, तिलाच गाटुनला धरण बांधून अडवायचं, तळं करायचं आणि जहाजं त्या तळ्यावर चढवायची. मला हा विचार फार मोठा वाटतो. ज्या नदीने फ्रेंचांना हरवलं, तीच पुढे वाट झाली.

गाटुनच्या पहिल्या लॉकपाशी दोन माणसं छोटीशी वल्ह्याची होडी घेऊन आली. आमच्या अवाढव्य जहाजाचा दोर त्यांनी हाताने धरला आणि काठाकडे नेला. शंभर वर्षांहून जास्त काळ हे काम असंच चालतं. मग दोन्ही काठांच्या रुळांवरची विजेची इंजिनं पोलादी तारांनी जहाजाला जोडली गेली. त्यांना इथे 'म्यूल', म्हणजे खेचरं म्हणतात. ती जहाज ओढत नाहीत. जहाज स्वतःच्या ताकदीवर पुढे सरकतं, खेचरं त्याला फक्त मधोमध धरून ठेवतात. हौदाची रुंदी साडेतेहेतीस मीटर, आमचं जहाज बत्तीसच्या वर. दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट!

सगळे वरच्या डेकवर गर्दी करत होते. आम्ही मात्र मुद्दाम खाली, आमच्या केबिनमध्ये गेलो. खिडकीच्या काचेपलीकडे हातभर अंतरावर नुसतं ओलं काँक्रीट होतं, काळपट, जहाजांनी ओरखडलेलं, फटींतून पाणी झिरपणारं. मागचे दरवाजे बंद झाले आणि भिंत खाली सरकायला लागली. धक्का नाही, आवाज नाही. पंपही नाही. भिंतींच्या पोटात आगगाडी जाईल एवढी भुयारं आहेत, त्यांतून तळ्याचं पाणी उतारानेच खालच्या हौदात येतं. ओल्या भिंतीनंतर कड दिसली, मग हिरवळ, मग रूळ आणि खेचर चालवणाऱ्याचा चेहरा. आईने हात हलवला, त्यानेही हलवला. असे तीन हौद चढून आम्ही समुद्रापासून २६ मीटर वर आलो.

गाटुन तळ्यात जहाज बेटांमधून जात राहतं. ती बेटं नव्हेत, बुडालेल्या टेकड्यांचे माथे आहेत. काही ठिकाणी पाण्यातून जुन्या झाडांचे बुंधे अजून वर आलेले दिसतात. कोलोन आणि पनामा सिटीचं पिण्याचं पाणीही या पाणलोटातूनच येतं. एक जहाज पार करायला सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी लागतं, आणि ते शेवटी समुद्रात जातं. २०१६मध्ये सुरू झालेल्या नव्या, मोठ्या लॉकना पाणी साठवायला बाजूला वेगळे हौद आहेत, त्यात साठ टक्के पाणी पुन्हा वापरता येतं. जुन्यांत ती सोय नाही. २०२३मध्ये पाऊस कमी पडला तेव्हा एरवी रोज छत्तीसच्या आसपास जाणारी जहाजं पंचवीसच्याही खाली आणावी लागली. जगाचा व्यापार एका तळ्यातल्या पावसावर अडून होता.

दुपारी कुलेब्राची खिंड आली. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला. लाउडस्पीकरवर गोथल्स आणि इतर इंजिनिअरांची नावं येत होती. इथे सुरुंग लावणारे, दरडींखाली सापडणारे बहुतेक बार्बाडोस, जमैकाचे काळे मजूर होते. गोऱ्या अमेरिकनांची नावं 'गोल्ड रोल' या पगारयादीवर, यांची 'सिल्व्हर रोल'वर. पगार वेगळे, घरं वेगळी, खानावळी वेगळ्या. अमेरिकन काळात ५,६०९ माणसं मेल्याची नोंद आहे, त्यातली बहुतेक हीच. त्या आकड्यानंतर मला त्या खिंडीचे फोटो काढावेसे वाटेनात. १५ ऑगस्ट १९१४ला अँकॉन जहाज इथून गेलं आणि कालवा खुला झाला. पनामाच्या हाती तो आला १९९९च्या शेवटच्या दिवशी.

पेद्रो मिगेलला एक हौद उतरलो, मिराफ्लोरेसला दोन. आता भिंत वर वर जात होती आणि मघाशी जिथे पाणी होतं तिथे ओली रेघ उरत होती. शेवटचे दरवाजे या कालव्यातले सगळ्यात उंच, कारण पॅसिफिकची भरती-ओहोटी मोठी. ते उघडले तेव्हा आई कठड्यावर वाकून खाली बघत होती.

"आपलं पाणी गेलं का समुद्रात?"

"गेलं."

मागे, गाटुनच्या दिशेला, डोंगरांवर ढग काळे झाले होते. ब्रिज ऑफ द अमेरिकाज खालून जाईपर्यंत ती तिकडेच बघत राहिली.